लाभार्थ्याची सही

आमच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. गावातले निम्मे लोक माझे नातेवाईक आहेत आणि उरलेले माझे आजी-माजी विद्यार्थी, म्हणजे बोलणी दोन्हीकडून बसतील. पारोळा आणि धुळे यांच्या मधे कुठेतरी आहे एवढं पुरे. अर्धं गाव बाजाराला पारोळ्याला जातं, अर्धं धुळ्याला, आणि संध्याकाळी दोन्ही अर्धी परत येऊन एकमेकांचे भाव खोटे ठरवतात.

गावात कोणी वारलं तर आम्हाला ते रडण्यावरून कळत नाही, तोतारामभाऊंच्या गिरणीवरून कळतं. पिठाची ही गिरणी सकाळी आठपासून धडधडत असते. ती मधेच थांबली की बायका तवा खाली उतरवून विचारतात, "कोन गयं?" वीज गेली असेल असं कोणाच्या मनात येत नाही, कारण विजेचं जाण्या-येण्याचं वेळापत्रक सगळ्यांना तोंडपाठ आहे.

तोतारामभाऊ गावाच्या तिरड्या बांधतात. हा त्यांचा धंदा नाही, धंदा गिरणीचा. पण कोणाच्या घरी काही झालं की ते पट्टा उतरवतात, भुवयांवरचं पीठ पंचाने झटकतात, खुंटीवरचा कोयता आणि सुतळीची गुंडी घेतात आणि निघतात. दोन लांब बांबू, मधे आडव्या कामट्या, त्यावर कडबा. गाठ अशी की चार खांद्यांवर हलणार नाही आणि स्मशानात एका ओढीत सुटेल. ती त्यांना वडिलांनी शिकवली. त्यांनी पुढे कोणाला शिकवलेली नाही, कारण कोणी शिकायला आलेलंच नाही. भोवती उभं राहून 'इकडून आवळा, तिकडून आवळा' एवढं मार्गदर्शन मात्र अर्धं गाव करतं.

त्यांची खरी करामत गाठीत नाही. घरचा मुलगा भिंतीला टेकून सुन्न बसलेला असतो. त्याला ते हाक मारतात, "जाय, तठून सुतळी धर." सुतळी धरायला खरं तर माणूस लागत नाही. पण हाताला काम मिळालं की तो मुलगा उठून उभा राहतो आणि पुढचे दोन तास उभाच राहतो. माझे वडील गेले तेव्हा मीही ती सुतळी धरलेली आहे. तेव्हा मला वाटलं होतं की माझ्यावाचून काम अडलंय. सगळं आटोपल्यावर त्या घरचा पाण्याचा थेंबही न घेता तोतारामभाऊ विहिरीवर अंघोळ करतात आणि गिरणी सुरू करतात. आभार कोणी मानत नाही. मर्तिकाच्या घरात आभार मानायची रीत नाही, आणि नंतर आठवण राहत नाही.

असे हे तोतारामभाऊ दहावी नापास आहेत. इंग्रजीत राहिले असं कोणी म्हटलं तर त्यांच्या पत्नी रत्नाबाई लगेच दुरुस्ती करतात, "राहिले नाहीत, बसलेच नाहीत." रत्नाबाई अंगणवाडी सेविका आहेत आणि दहावीला बासष्ट टक्के मिळवून पास आहेत. हा आकडा तोतारामभाऊंना लग्नापासून ऐकून पाठ आहे.

न बसण्याचं कारण असं. साल एकोणनव्वद, मार्च महिना, इंग्रजीचा पेपर, केंद्र पारोळा. सोळा वर्षांचा तोताराम कंपासपेटी घेऊन बसची वाट पाहत उभा होता. त्याच पहाटे जीवराम नाना गेले होते. जीवराम नाना म्हणजे गावात शाळा आणणारा माणूस. तिरड्या तेव्हा तोतारामभाऊंचे वडील बांधायचे, पण त्या आठवड्यात बैलाने उडवल्यामुळे त्यांचा हात गळ्यात होता. नानांचे थोरले चिरंजीव गिरधर स्वतः बसथांब्यावर आले. पोरगा म्हणाला, "पेपर शे." गिरधर म्हणाले, "पेपर काय, ऑक्टोबरले परत ई. नाना परत येतीन का?"

पोराने कंपासपेटी बसथांब्याच्या कट्ट्यावर ठेवली आणि तो बांबू तोडायला गेला. ऑक्टोबर आला तेव्हा त्याचे वडीलही गेले होते आणि गिरणी चालवायला दुसरं कोणी नव्हतं. पुढे शाळेला जीवराम नानांचं नाव दिलं गेलं आणि गिरधर संस्थेचे अध्यक्ष झाले. 'नाना' ही पदवीही वडिलांकडून त्यांच्याकडे आली. शाळेच्या पाटीवर नावाआधी जो 'कै.' आहे, त्याचं सगळं काम तोतारामभाऊंनी केलेलं आहे, पण पाटीवर रंगाऱ्याचं नाव आहे.

पेपरची गोष्ट गावात एकाच माणसाच्या लक्षात राहिली. जीवराम नानांच्या पत्नी, ज्यांना सगळं गाव मोठीमाय म्हणायचं. नव्वदी ओलांडली तरी त्या गड्याच्या डोक्यावर दळण देऊन स्वतः गिरणीवर यायच्या आणि दर खेपेला विचारायच्या, "तोताराम, तुना पेपर व्हयना का रे?"

"नही, मोठीमाय."

"आमनामुळे ऱ्हायना," असं म्हणून त्या पीठ चिमटीत घेऊन बारीक दळलंय का ते बघायच्या.

आता परिपत्रकाकडे येतो. मागच्या वर्षी जूनमध्ये वरून 'समाजसेवा श्रेयांक' नावाची योजना आली. दहावीच्या मुलांनी साठ तास समाजसेवा केली की गुणपत्रिकेत श्रेयांक. मी शाळेत मराठी शिकवतो. त्या दिवशी मी रजेवर होतो, त्यामुळे समन्वयक म्हणून माझी एकमताने निवड झाली.

गावात करण्यासारखी सेवा पुष्कळ आहे. शाळेसमोरचं गटारच साठ तासांचं आहे. पण प्रत्येक सेवेचा आधीचा आणि नंतरचा फोटो लावायचा होता आणि गटार फोटोत चांगलं दिसत नाही. म्हणून अडतीस मुलांनी एक कडुनिंब लावला. एकच, अडतीस वेळा. प्रत्येकाने तो काढला, खड्ड्यात ठेवला, हसला आणि पुढच्याच्या हातात दिला. कडुनिंबाला ही सेवा मानवली नाही. उरलंसुरलं रमजान चाचांच्या बकरीने खाल्लं, तेव्हा मुलांनी बकरीवर राग धरला नाही, कारण आता 'पुनर्लागवड' असा वेगळा मुद्दा भरता येत होता. गिरधर नानांच्या नातवाने साठ तास एका दुपारी पूर्ण केले. तो घरून सहा शर्ट घेऊन आला होता.

सगळ्यात जास्त सेवा झाली ती कमलबाई अक्कांची. 'ज्येष्ठांशी संवाद' या मुद्द्याखाली एकतीस मुलांनी त्यांच्याशी प्रत्येकी दोन तास संवाद केला. म्हणजे अक्का बोलल्या आणि मुलं मोबाईल बघत बसली. लाभार्थी म्हणून अक्का अंगठा द्यायच्या. त्यांचा अंगठा दिवाळीपर्यंत निळा होता. मी हे सगळे तक्ते तपासून त्यावर सही करत होतो. मला लाज वाटायची, पण एकही सही राहिली नाही.

परिपत्रकाच्या शेवटच्या पानावर कलम नऊ होतं. ते मी वाचलं नव्हतं, रत्नाबाईंनी वाचलं. कोणत्याही सालचा, कोणत्याही वयाचा, दहावीत एकाच विषयात राहिलेला उमेदवार दोनशे चाळीस तास समाजसेवा सिद्ध करील तर तो विषय सुटला असं धरावं. अन्यथा त्याने जुलैमध्ये त्या विषयाचा पेपर द्यावा. रत्नाबाईंनी ते पान नवऱ्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "हे तुमच्यासाठीच छापलंय."

त्याआधी आठच दिवस ग्रामपंचायतीने एक सूचना लावली होती. स्मशानात नवीन शेड झाली होती, भोवती कुंपण, कुंपणाला फाटक, फाटकाला कुलूप. आता 'स्मशानभूमी देखभाल सेवक' नेमायचा होता. शिक्षण किमान दहावी पास, गुणपत्रिका ऑगस्टअखेर सादर करावी. स्मशानातल्या लाकडांच्या खोलीची किल्ली गेली कितीतरी वर्षं गिरणीतल्या खिळ्याला लटकत होती. ती आता नव्या सेवकाला द्यावी लागणार होती. नवा सेवक कोण हेही ठरल्यासारखं होतं. गिरधर नानांचा भाचा बारावी पास होता. तो राहायला धुळ्याला होता, पण फोन केला की मोटारसायकलवर येईन म्हणाला होता.

तोतारामभाऊ माझ्याकडे आले ते हे सगळं मनात घेऊन. खुर्चीवर बसले नाहीत, त्यांच्या पिठाने खुर्ची पांढरी होते म्हणून. म्हणाले, "सर, माले पगारनं काही नही. पन रात-बेरात कोनी गयं, आनि किल्ली धुळाले ऱ्हायनी, ते मानूस तठे फाटकनाबाहेर पडी ऱ्हाई. हाई माले पटत नही." त्यांना मी इतकं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

मी तक्ता काढला. हिशोब तर सोपा होता. वर्षाला पंचवीस मयती, छत्तीस वर्षं, दर वेळी तीन-चार तास. दोनशे चाळीस तास म्हणजे त्यांनी पहिल्या तीन वर्षांतच पूर्ण केलेले. मी उत्साहाने पहिल्या ओळीत लिहिलं, लाभार्थ्याचं नाव: जीवराम नाना. पुढचा रकाना होता लाभार्थ्याची सही.

मी पेन खाली ठेवलं. त्याच्या पुढे लाभार्थ्याचा मोबाईल क्रमांक होता. त्यापुढे सेवेआधीचा फोटो आणि सेवेनंतरचा फोटो. शेवटी लाभार्थ्याचा अभिप्राय: समाधानी की असमाधानी.

"समाधानी लिखा," तोतारामभाऊ म्हणाले. "आजलोंग एक बी परत ईसन बोंबलना नही."

मी जिल्ह्याच्या ठिकाणी फोन लावला. तिकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की मृत लाभार्थी ग्राह्य नाहीत. मी विचारलं, वारसाची सही चालेल का? त्यांनी विचारून सांगते म्हटलं, विचारलं आणि सांगितलं की वारसाची चालेल, पण पहिल्या नोंदीवर संस्थेच्या अध्यक्षांची शिफारस हवी. अध्यक्ष आणि पहिल्या लाभार्थ्याचे वारस एकच होते. मी तक्ता घेऊन गिरधर नानांकडे गेलो.

नानांनी चष्मा लावून तक्ता वाचला. "वडिलांच्या वेळी गडी-माणसं पुष्कळ होती घरात. कोणी काय बांधलं ते आता कुठे आठवतं?" मग म्हणाले, "दीपक सर, तुम्ही मराठी शिकवा." मी घरी आलो. नोकरी आहे, दोन मुलं आहेत.

म्हणून मी तोतारामभाऊंना दुसरा मार्ग सुचवला: जिवंत लाभार्थी. दोनशे चाळीस तास इतर मुलांसारखे भरून काढू. मुलांचा कडुनिंब आहेच. ते म्हणाले, खोटं लिहायचं नाही, करायचं तर खरं काम करीन. कमलबाई अक्कांची बाज सैल झाली होती, झोपलं की पाठ जमिनीला लागायची. ती विणून सुरुवात करायची, असं ठरलं. मी मार्गदर्शक या नात्याने फोटो काढायला जाणार होतो. त्या दिवशी जे झालं त्यात माझा दोष अर्धा आहे, कारण मी गावचाच आहे आणि मला आधी सुचायला हवं होतं.

चैत्रातला मंगळवार. सकाळी दहाला गिरणी थांबली. तोतारामभाऊ कोयता आणि सुतळीची मोठी गुंडी घेऊन अक्कांच्या गल्लीत शिरले आणि अक्कांच्या घरात गेले. गल्लीने एवढंच पाहिलं.

अक्का तेव्हा मागच्या अंगणात शेंगा फोडत होत्या. समोर पंधरा मिनिटांत ओटा भरला. पुरुष उपरणी खांद्यावर टाकून भिंतीकडेला उभे राहिले. नातसून पुनम नळावरून हंडा घेऊन येत होती. दारात गर्दी बघून तिने हंडा तिथेच सोडला आणि हंबरडा फोडला. तो ऐकून अक्का शेंगा टाकून बाहेर आल्या. आपल्याच दारात रडणं चाललंय म्हणजे घरातलंच कोणीतरी गेलं, हे त्यांनी ओळखलं. "कोन गयं व माय?" म्हणत त्या बायकांमधे बसल्या आणि पदर डोळ्यांना लावून रडू लागल्या. निदान पाच मिनिटं अक्का स्वतःच्या मयतीला रडत होत्या आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळ्यांची तोंडं पदरात होती. शेवटी शेजारच्या लताबाईंनी सांत्वनासाठी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, चेहरा बघितला आणि त्या ओट्यावरून खालीच गेल्या.

"मी जित्ती शे," अक्का म्हणाल्या. मग विचार करून म्हणाल्या, "ते मग कोन गयं?"

आत तोतारामभाऊ बाज उलटी टाकून दोर ताणत बसले होते. तोपर्यंत गावाच्या ग्रुपवर दोनशे चौदा जणांनी श्रद्धांजली वाहिली होती आणि सुरतेहून अक्कांचे दोन्ही भाचे गाडीत बसले होते. ते रात्री पोचले. अक्कांनी त्यांना जेवायला वाढलं आणि कोण रडलं, कोण नुसतं आलं आणि कोण आलंच नाही याची उजळणी केली. ती उजळणी अजून संपलेली नाही. बाज मात्र तोतारामभाऊंनी अशी विणली की अक्का म्हणतात, मेल्यावर हीच पाठवा सोबत.

त्या पहिल्याच कामाचा फोटो आणि तक्ता मी पाठवला. महिन्याने त्रुटीपत्र आलं. सेवेनंतरच्या फोटोत लाभार्थ्याच्या दारात शोकाकुल जमाव दिसत असल्याने लाभार्थी जिवंत असल्याचा दाखला जोडावा. मी दाखला घ्यायला ग्रामसेवकांकडे गेलो. ते म्हणाले, अक्कांना स्वतः घेऊन या, माझ्याही मोबाईलवर श्रद्धांजली आली होती. अक्कांनी यायला नकार दिला. आपण जिवंत असल्याचं कोणाला पटवून द्यायची गरज त्यांना वाटत नव्हती.

मुदत संपली. अडतीस मुलांचे कडुनिंबाचे तास मंजूर झाले होते आणि तोतारामभाऊंचा एकही झाला नाही. मला संताप आला, सगळ्यात जास्त स्वतःचा. रत्नाबाईंना आला नाही. त्यांनी माळ्यावरून जुनं इंग्रजीचं गाइड काढलं आणि म्हणाल्या, "कलम नऊची दुसरी ओळ वाचा. पेपर द्या."

बावन्नाव्या वर्षी तोतारामभाऊ इंग्रजी शिकू लागले. गिरणीत. डब्याच्या झाकणावर पीठ पसरायचं, त्यावर बोटाने स्पेलिंग लिहायचं, बरोबर आलं की फुंकर मारायची. दळण घेऊन येणारी माझीच मुलं त्यांचं तपासायची आणि चुकवून सांगायची. मग रत्नाबाई त्यांना झापायच्या. मोठीमाय जूनमध्ये एकदा आल्या तेव्हा त्यांनी झाकणाकडे बघून विचारलं, "हाई काय?" तोतारामभाऊ म्हणाले, "पेपर शे मना, मोठीमाय. जुलैमा." त्या दिवशी त्यांनी पीठ चिमटीत घेऊन बघितलं नाही.

पेपरच्या दिवशी मी तोतारामभाऊंना माझ्या मोटारसायकलवर पारोळ्याला नेलं. इस्त्रीचा शर्ट, खिशात प्रवेशपत्र, दोन पेनं. भुवया रत्नाबाईंनी ओल्या फडक्याने पुसल्या होत्या. मागे गिरणी त्या स्वतः चालवत होत्या. अक्कांच्या प्रकरणापासून त्यांनी ठरवलंच होतं की भाऊ कुठेही गेले तरी गिरणी थांबवायची नाही, नाहीतर गाव सुरतेला फोन करतं.

आम्ही केंद्राच्या फाटकाशी उभे होतो. साडेदहा झाले होते, पेपर अकराला. तेवढ्यात गिरधर नानांचा तो धुळ्याचा भाचा गाडीवरून धापा टाकत आला. मोठीमाय गेल्या होत्या. सकाळी साडेनऊला, चहा पिता पिता. माणसं जमली आहेत, लेकी जवळच्याच गावच्या, त्याही पोचतायत, बाराची वेळ ग्रुपवर टाकून झाली आहे. "नानांनी लगेच बोलावलंय. बसा गाडीवर."

वेळ टाकण्याआधी तोतारामभाऊंना विचारायचं असतं हे कोणाला सुचलं नव्हतं. गावात ते कधीच कोणाला सुचलेलं नाही. भाऊ आहेतच, असंच सगळे धरून चालतात.

तोतारामभाऊंनी खिशातलं प्रवेशपत्र काढलं आणि दोन्ही बाजूंनी बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला वाटलं की ते गाडीवर बसणार, आणि बसले असते तर मी तोंड उघडलं नसतं हेही मला माहीत होतं. भाचा म्हणाला, "भाऊ, पेपर पुढच्या वर्षी पण येईल. मोठीमाय—"

"मोठीमायले माहीत शे मना पेपर," तोतारामभाऊ म्हणाले. "ती थांबी. नानाले सांग, तीन वाजता येस. तिना उशाशी दिवा ठेवा, आनि कोनी घाई करू नका." मग त्यांनी डोळे पुसले, आणि ते मुलांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. त्यांच्या पुढे आणि मागे सोळा-सतरा वर्षांची पोरं होती.

मी भाच्याच्या मागोमाग गावात आलो. पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

गिरणी चालू होती म्हणून अर्ध्या गावाला मयत झाल्याचं खरंच वाटेना. बारा वाजता तरी आवार भरलं. बांबू आले, सुतळी आली, कडबा आला, आणि सगळे थांबले. मार्गदर्शन करणारे शंभर जण होते, पण ज्याला मार्गदर्शन करायचं तो नव्हता. गेली छत्तीस वर्षं 'इकडून आवळा' म्हणणारे म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. भाच्याने मोबाईलवर व्हिडिओ लावून कामट्या बांधल्या. दिसायला बऱ्या दिसत होत्या. कोणीतरी शहाण्याने सुचवलं की आधी ज्वारीचं पोतं ठेवून बघा. पोतं ठेवलं, चौघांनी उचललं आणि पोतं मधून खाली पडून फुटलं. मग धुळ्याला सामानाच्या दुकानात फोन केला. तिथला माणूस म्हणाला, तयार आहे, गाडी पाचनंतर मोकळी होईल. तालुक्याचे एक पुढारी श्रद्धांजलीचं भाषण घेऊन आले होते. साडेबाराला त्यांनी ते उरकलं आणि दुसऱ्या मयतीला गेले.

गिरधर नाना सगळा वेळ ओट्याच्या खांबाला टेकून उभे होते. सत्तरीच्या माणसाला लोकांनी खुर्ची आणून दिली, ते बसले नाहीत. हातांना काही काम नव्हतं. कधी ते हात मागे बांधायचे, कधी पुढे. एकदा माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "पेपर किती वाजता सुटतो?"

"दोनला," मी म्हणालो.

पावणेतीनला तोतारामभाऊ एका दुधाच्या गाडीतून उतरले. इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर केल्या, भाच्याने बांधलेलं सगळं सोडलं आणि नव्याने सुरुवात केली. कोणी मार्गदर्शन केलं नाही. दोन गाठी झाल्यावर त्यांनी मान वर करून खांबाकडे बघितलं.

"नाना, आठे या. सुतळी धरा."

नाना गेले आणि त्यांनी सुतळी धरली. धरल्यावर कुठे ते रडले, आईसाठी, इतक्या वेळात पहिल्यांदा.

ऑगस्टमध्ये निकाल लागला. तोतारामभाऊंना इंग्रजीत एकेचाळीस पडले. गुणपत्रिका बघून रत्नाबाई म्हणाल्या, "मला बावन्न होते," आणि ती त्यांनी देवघरात ठेवली. भाच्याने आपला अर्ज आधीच मागे घेतला होता. फुटलेलं पोतं सगळ्या गावाने पाहिलं होतं. नव्या फाटकाची किल्ली गिरणीत जुन्या किल्लीशेजारी, त्याच खिळ्याला लटकते. पोरांना मी या वर्षी सांगितलंय की कडुनिंब पुरे, गाठ शिकून घ्या. दोन मुलं जातात. बाकीची विचारतात, फोटो कसा काढायचा?

पण मोठीमायचं दिवसकार्य, म्हणजे गंधमुक्ती, झाल्यावर दोन दिवसांनी, निकालाच्या आधीच, एक गोष्ट घडली होती. गिरधर नाना शाळेत आले आणि माझ्यापुढे बसून म्हणाले, "तो तक्ता द्या."

मी सांगितलं की आता त्याचा काही उपयोग नाही, मुदत केव्हाच संपली. ते म्हणाले, द्या. मी कपाटातून काढून दिला. पहिल्या ओळीत वडिलांच्या नावापुढे, लाभार्थ्याच्या सहीच्या रकान्यात त्यांनी सही केली. अभिप्रायात स्वतःच्या हाताने 'समाधानी' लिहिलं. मग दुसऱ्या ओळीत आईचं नाव लिहिलं, त्यापुढेही सही केली आणि 'सेवेचे तास' या रकान्यात तीन असा आकडा घातला.

मला राहवलं नाही. "नाना, त्या दिवशी बांधायला अर्धाच तास लागला होता."

"माले माहीत शे," नाना म्हणाले. "बारापासून मी तठेच उभा व्हतू."